शस्त्राचा मूळ खोका: ठेवायचा की टाकायचा? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिव्हॉल्व्हर घरी येतं, परवान्यावर त्याची नोंद होते, चार दिवसांचं कौतुक संपतं आणि मग स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘हा डबा कुठं ठेवायचा?’ परवानाधारकांनी, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या घरच्यांनी, पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. खोका किंवा डबा म्हणजे कंपनीतून शस्त्र ज्यात येतं ते पुठ्ठ्याचं, प्लास्टिकचं किंवा लाकडी वेष्टन. परवाना कसा काढायचा, हा विषय इथं घेतलेला नाही.

१. घरात नुसता रिकामा खोका ठेवायला परवाना लागतो का?

नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्र, शस्त्राचे भाग, दारूगोळा आणि दारूगोळ्याचे भाग यांचा विचार केलेला आहे. पुठ्ठा, फोम, माहितीपुस्तिका यांतलं काहीच त्यात बसत नाही. अडचण होते ती ‘रिकामा’ या शब्दाची. ज्याला घरातले सगळे रिकामा म्हणतात त्या डब्याच्या खालच्या कप्प्यात जास्तीचं मॅगझीन (पिस्तुलात काडतुसं भरायची काढघाल करता येणारी पेटी) पडलेलं असतं. त्याबद्दल प्रश्न ६ पाहा.

२. थोडक्यात सांगा, ठेवू की टाकू?

लेबल आणि कागद ठेवा, बाकीचं टाकलं तरी काही बिघडत नाही. आमचं मत एवढंच.

यात तीन अपवाद आहेत. वॉरंटी चालू असेल, तर दुरुस्तीला पाठवताना मूळ डबा सोयीचा पडतो. नेमबाज असाल आणि कुलूप लागणारी टणक पेटी मिळाली असेल, तर ती प्रवासाला लागेल. पेटी जुनी, लाकडी किंवा चामड्याची असेल, तर प्रश्न १५ वाचल्याशिवाय तिला हात लावू नका. या तिन्हींत न बसणारा पुठ्ठ्याचा खोका ‘असू दे’ म्हणून वर्षानुवर्षं जपण्यात अर्थ नाही.

३. कंपनीने इतका छान फोमचा डबा दिला आहे, तर पिस्तूल त्यातच ठेवलं तर काय हरकत आहे?

हरकत दोन बाबतींत आहे, गंज आणि चोरी.

आधी गंजाचं बोलू. डब्यातला मऊ फोम ओल धरतो आणि ती धातूला चिकटवून ठेवतो. त्यात हाताळताना लागलेला घाम आला की काम झालंच. पावसाळाभर डबा उघडला नाही आणि दिवाळीच्या साफसफाईत काढून पाहिला, तर नळीच्या ज्या बाजूला फोम टेकलेला असतो तिथंच तांबूस ठिपक्यांची नक्षी दिसते. वरची बाजू मात्र चकचकीत. फोम जुना झाला की चिकट होतो, हाताला त्याचा भुगा लागतो, आणि तो भुगा ट्रिगरच्या आसपासच्या फटींत शिरला की कारागिराकडे जावंच लागतं. पुठ्ठ्याचंही तेच. तो हवेतली ओल ओढतो आणि वर उधईला आमंत्रण देतो.

‘पण आपल्या नागपूरची हवा तर कोरडी आहे,’ असं बरेच जण म्हणतात. बाहेरची कोरडी आहे, घरातली नाही. एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत घरोघरी कूलर चालतो. वाळ्याच्या किंवा वूडवूलच्या ताटीतून येणारी हवा गार असते तशीच ओलीही असते. ज्या कपाटावर कूलरचा झोत येतो, ते कपाट उन्हाळाभर ओलसर हवा पीत असतं. कूलर बंद होतो तोवर जूनचा मध्य आलेला असतो, आणि मग खरा पावसाळा. म्हणजे ज्या महिन्यांत आपण निर्धास्त असतो, तेच महिने घातक. शस्त्राचं कपाट कूलरच्या खोलीत ठेवू नका, ही एक गोष्ट केली तरी निम्मं काम होतं.

आता चोरी. मूठ असलेला डबा म्हणजे चोराला आयतं पार्सल. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना मागतानाच शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय असल्याचं तुम्ही लिहून दिलेलं असतं. कंपनीचा प्लास्टिकचा डबा ही ती सोय नव्हे. शस्त्र रिकामं करून, तेलाचा पातळ हात फिरवून, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने कसलेल्या लोखंडी लॉकरमध्ये ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ल्या एकाच जुडग्यात नकोत.

४. डब्यात सिलिका जेलची पुडी आहे की! मग गंज कसा लागेल?

ती पुडी कंपनीपासून दुकानापर्यंतच्या प्रवासासाठी असते. तुमच्या घरी येईपर्यंत ती बहुधा ओल पिऊन भरलेली असते. ती पुन्हा कामाची करायची तर शंभर अंशांच्या वर तापवावी लागते. त्याला नागपूरचं मे महिन्याचं ऊनसुद्धा पुरत नाही. स्वयंपाकाच्या कढईत तर ती मुळीच भाजू नका, कारण रंग बदलणाऱ्या काही निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो. नवी पुडी घ्या आणि ती लॉकरमध्ये ठेवा, डब्यात नको.

५. खोका टाकायचं ठरवलं. टाकण्याआधी त्यातून काय काय काढून घ्यायचं?

टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरा, डबा त्यावर उलटा करा आणि फोमचे सगळे थर वेगळे करा. फोमच्या खालीच बऱ्याच वस्तू दडलेल्या असतात.

विक्रेत्याचं बिल निघालं, तर ते परवान्याच्या फाइलमध्ये लावा. नूतनीकरणाच्या वेळी, शस्त्र विकताना, वारसाच्या नावावर करताना तेच शोधावं लागतं. शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनाऐवजी पाच वर्षं झाली आहे. पाच वर्षांत घरातला कागद कुठल्या कुठं जातो, हे वेगळं सांगायला नको.

डब्याच्या कडेला चिकटवलेलं लेबल तर हमखास काढून घ्या. त्यावर मॉडेल, बोअर (नळीचा आतला व्यास) आणि बहुतेक वेळा शस्त्राचा क्रमांक असतो. ब्लेडने पुठ्ठ्यासकट कापा, त्याचा फोटो घ्या आणि तुकडा बिलाच्या मागे स्टेपल करा. उद्या शस्त्र चोरीला गेलं आणि ठाण्यात क्रमांक सांगायची वेळ आली, तर हा तुकडा उपयोगी पडतो. लेबल डब्यावर राहिलं, तर तो डबा उचलणाऱ्या प्रत्येकाला कळतं की या घरात कुठल्या बनावटीचं शस्त्र आहे.

माहितीपुस्तिका ठेवा. साफसफाईची सळई, ब्रश, तारेचं कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या वेगळ्या काढा. कंपनीने चाचणीचं भोकं पडलेलं टार्गेट दिलं असेल, तर ते ठेवायचं की नाही ही ज्याची त्याची हौस.

मॅगझीन, पुंगळी (वाजवलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) किंवा काडतूस निघालं, तर तिथंच थांबा आणि पुढचा प्रश्न वाचा.

६. जुन्या डब्यात एक जास्तीचं मॅगझीन आणि दोन पुंगळ्या निघाल्या. टाकून देऊ?

नको. मॅगझीन हा शस्त्राचा भाग आहे आणि कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ या शब्दातच भागही येतात. तुमच्या परवान्यावरच्या पिस्तुलाचं असेल, तर ते पिस्तुलासोबत लॉकरमध्ये जायला हवं. कबाड्याकडे गेलेलं मॅगझीन पुढे कुणाच्या हाती पडेल, ते सांगता येत नाही.

वाजवलेल्या पुंगळ्यांबद्दल लोक बेफिकीर असतात. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही धरलेले आहेत, त्यामुळे ‘रिकामी तर आहे’ हा बचाव ऐनवेळी पुरेल असं समजू नका. पुंगळ्या जपून ठेवा आणि पुढच्या काडतुसांच्या खरेदीच्या वेळी परवानाधारक विक्रेत्याला विचारून त्याच्याकडे द्या.

एक गमतीचा अपवाद. काही विदेशी पिस्तुलांच्या डब्यात छोट्या पाकिटात एकच वाजवलेली पुंगळी असते. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २००० ते २०१५ या काळात नव्या पिस्तुलासोबत अशी पुंगळी मागितली होती, म्हणून तिकडच्या कंपन्या ती डब्यात घालत. नेमबाजाने आणलेल्या पिस्तुलाच्या डब्यात ती सापडली, तर घाबरण्याचं कारण नाही. पाकिटासकट शस्त्राच्या कागदांसोबत ठेवा.

जिवंत काडतूस निघालं आणि ते तुमच्या परवान्यावरच्या बोअरचं असेल, तर ते परवान्यावरच्या मर्यादेत मोजा. दुसऱ्याच बोअरचं निघालं, तर जवळच्या ठाण्यात फोन करून सांगा आणि ते सांगतील तसं करा. काडतूस उघडणं, धुणं, नाल्यात टाकणं यातलं काहीही करू नका. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे म्हणून काही जण थेट तिकडे जायला निघतात. घरात सापडलेल्या दोन काडतुसांसाठी मात्र ठाणं हेच योग्य दार आहे.

७. मग हे कचरागाडीत द्यायचं की कबाड्याला?

लेबल काढलेला, फाडून सपाट केलेला पुठ्ठा सुक्या कचऱ्यात किंवा रद्दीत जाऊ शकतो. फोम आणि थर्माकोल कबाडी सहसा घेत नाही, ते महापालिकेच्या गाडीत सुक्या कचऱ्यात द्या. पिस्तुलाच्या आकाराचा खड्डा असलेला फोम देण्याआधी कापून तुकडे करा. अख्खा फोम गाडीवरून भांडेवाडीच्या कचरा डेपोपर्यंत जाताना वाटेत चार जणांना दिसतो, आणि कोणत्या घरातून आला हेही गाडीवाल्याला ठाऊक असतं. प्लास्टिकच्या टणक डब्यावरचं कंपनीचं उठावदार नाव घासून काढा किंवा झाकण तोडून द्या.

सोसायटीच्या जिन्याखाली किंवा कोपऱ्यावरच्या ढिगावर काहीही ठेवू नका.

८. गच्चीवर जाळून टाकलं तर प्रश्नच मिटतो ना?

मिटत नाही. फोमचा धूर विषारी असतो, उघड्यावर कचरा जाळण्याला मनाई आहे, आणि फोमच्या खाली राहून गेलेलं एक काडतूस आगीत फुटलं, तर काय होईल ते सांगायला नको.

९. काडतुसांच्या खोक्याचं काय? त्यावर स्फोटकाचं चिन्ह आहे.

काडतुसं ज्या मोठ्या खोक्यात येतात, त्यावर नारिंगी चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला दिसतो, खाली १.४ एस आणि यूएन ००१२ असे आकडे. वाहतूक करणाऱ्याला आत लहान काडतुसं आहेत हे कळावं म्हणून ती आंतरराष्ट्रीय खूण असते. असा खोका कुणी गणेशपेठ बसस्थानकाच्या कचराकुंडीजवळ ठेवला, तर बॉम्बशोधक पथक येणार. आत जुने मोजे असले तरी. चिन्ह असलेली बाजू फाडून बारीक तुकडे करा आणि मग द्या. घर बदलताना पुस्तकं भरायला हा खोका भक्कम असतो म्हणून वापरायचा मोह होतो, तो टाळा.

पंचवीस-पन्नास काडतुसांचा लहान खोका मात्र काडतुसं संपेपर्यंत ठेवा. त्यावरच्या लॉट क्रमांकावरून काडतुसं किती जुनी आहेत ते विक्रेत्याला कळतं. सुटी काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण चामड्यामुळे पितळेवर हिरवट कळक चढतो.

१०. छऱ्यांचे पत्र्याचे गोल डबे इतके सुबक असतात. त्यात मिरे, लवंगा ठेवल्या तर चालेल?

अजिबात नाही. एअरगनचे छरे बहुतेक शिशाचे असतात आणि डब्याच्या तळाशी जी काळपट भुकटी दिसते, ते शिसंच असतं. दहादा धुतलं तरी झाकणाच्या वळणात ते राहतं. लहान मुलांसाठी तर शिशाची थोडी मात्राही वाईट. खिळे, स्क्रू, फ्यूजची तार, काहीही ठेवा, पण तो डबा मसाल्याच्या फळीवर नको. आणि छरे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय तर्री-पोह्याच्या ताटाला हात लावू नका.

११. माझ्याकडे फक्त एअरगन आहे, परवाना नाही. मला डब्याचं काय?

या पानावर डबा सगळ्यात जास्त तुम्हालाच उपयोगी आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या एअरगनची नळी .१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नाही आणि जिची शक्ती २० ज्यूलच्या वर नाही, तिला परवाना लागत नाही. बंदुकीकडे नुसतं पाहून शक्ती कुणालाच कळत नाही. ती छापलेली असते डब्यावर किंवा पुस्तिकेत. नाक्यावर कुणी हवालदार थांबवून विचारू लागले, तर बिल आणि डब्यावरचा तो मजकूर हाच पुरावा. अख्खा डबा ठेवायला जागा नसेल, तर ती बाजू कापून बिलाला जोडा आणि फोनमध्ये फोटो ठेवा. डब्यावर .२२ लिहिलं असेल, तर ती परवान्याची वस्तू आहे.

१२. डब्यावरचा क्रमांक आणि पिस्तुलावरचा क्रमांक वेगळा आहे. मी फसलो का?

घाबरू नका. दुकानात दाखवताना दोन डबे उघडले जातात आणि परत ठेवताना अदलाबदल होते, हे घडतं. कायद्याच्या दृष्टीने धातूवर कोरलेला क्रमांक खरा. तो परवान्यावरच्या नोंदीशी आणि बिलाशी अक्षर न अक्षर जुळतो का, ते पाहा. जुळत असेल, तर चुकीचं लेबल फाडून टाका आणि विषय संपवा.

धातूवरचा क्रमांक आणि परवाना यांत फरक असेल, तर तो गंभीर मामला. लेखनिकाने ३ चा ८ केला असला तरीही. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाच्या, आणि काटोल, उमरेड, रामटेककडचे असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत बिल घेऊन जा आणि लेखी दुरुस्ती मागा. शस्त्रावरचा क्रमांक घासणं, खोल करणं किंवा ‘नीट दिसावा म्हणून’ पुन्हा ठोकून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

१३. निवडणुकीच्या वेळी शस्त्र ठाण्यात जमा करायला सांगतात. डब्यासकट द्यावं का?

द्यायला हरकत नाही, पण डबा परत मिळेल या भरवशावर देऊ नका. मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या जमा वस्तूंच्या खोलीत, एकावर एक वस्तू रचलेल्या असतात आणि शस्त्रावर चिठ्ठी बांधलेली असते, डब्यावर नाही. साधं कापडी कव्हर पुरे. डबा दिलाच, तर ठाण्याच्या पावतीवर ‘पेटीसह’ आणि मॅगझीन किती, हे लिहून घ्या. फोममधून काढून, तेल लावून द्या. आचारसंहिता संपेपर्यंत ते तसंच राहणार आहे.

१४. हिंगण्याहून धरमपेठेत घर बदलतोय. पॅकर्सवाल्यांच्या ट्रकमध्ये डबा टाकला तर? आणि विमानात?

रिकामा डबा ट्रकमध्ये जाऊ शकतो, पण हमालांच्या डोळ्यांसमोर कशाला? कपड्यांच्या खोक्यात तळाशी घाला. शस्त्र आणि काडतुसं मात्र परवानाधारकाने स्वतःच न्यायची, परवाना जवळ ठेवून. नवा पत्ता परवान्यावर चढवायला विसरू नका. हिंगणा ते धरमपेठ या प्रवासात तुमची परवाना शाखासुद्धा बदलू शकते (प्रश्न १२ पाहा).

विमानात शस्त्र रिकामं करून, कुलूप लावलेल्या टणक पेटीत, चेक-इन सामानातच जातं. काडतुसं सुरक्षित वेष्टनात, प्रवाशामागे वेष्टनासह ५ किलोपर्यंत. आधी विमान कंपनीची परवानगी घ्या, प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत. पुठ्ठ्याचा खोका इथं चालत नाही. आणि पिस्तुलाच्या रिकाम्या डब्यात ड्रिल मशीन किंवा ट्रिमर भरून सोनेगाव विमानतळावर जाऊ नका. क्ष-किरणात त्या फोमचा आकार दिसला की रांग थांबते.

१५. आजोबांच्या दुनळी बंदुकीची लाकडी पेटी आहे, आत हिरवं कापड आणि झाकणाला इंग्रजी कागद चिकटवलेला. उधई लागली आहे. टाकू?

टाकू नका. बर्मिंगहॅम-लंडनच्या बनावटीच्या जुन्या बंदुका अशा पेट्यांतून येत आणि झाकणातला तो कागद म्हणजे बनवणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं लेबल. संग्राहकासाठी लेबल शाबूत असलेली पेटी बंदुकीची किंमत वाढवते. कागद खरवडू नका, वॉर्निश मारू नका. पेटी उन्हात तापवू नका, लाकूड तडकतं. उधईसाठी लाकडाच्या जाणकार सुताराला दाखवा. बंदूक त्यात ठेवू नका, कारण जुन्या कापडाची आणि चामड्याची ओल नव्या फोमपेक्षा वाईट.

भरमार (नळीच्या तोंडातून बारूद भरायच्या) बंदुकीसोबत बारूदाचा डबा किंवा ठिणगी पाडणाऱ्या टोप्या निघाल्या, तर तो डबा हलवू नका, उघडू नका. प्रश्न ६ प्रमाणे ठाण्यात कळवा.

१६. वडील गेले. कपाटात बंदुकीचा रिकामा खोका सापडला, बंदूक नाही. आता काय करावं?

खोका टाकू नका, त्यावरचा क्रमांक हाच तुमचा धागा आहे. बंदूक निवडणुकीत जमा केलेली असू शकते, दुरुस्तीला दिलेली असू शकते, विकलेली असू शकते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे तिसरं त्या वेळी जमा केलं गेलं असेल. क्रमांक घेऊन परवाना शाखेत जा, परवान्याचा शोध तिथं लागतो. बंदूक कुठंच सापडली नाही, तर ठाण्यात लेखी कळवा. ‘बाबांनी कुणाला तरी दिली असेल’ म्हणून गप्प बसू नका.

बंदूक घरातच मिळाली, तर ती विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. तुमच्या नावावर परवाना नाही, म्हणून ती गाडीत टाकून निघू नका. आधी ठाणेदारांना फोन करा. वारसाला परवाना मिळू शकतो. धारक हयात असतानाही, त्यांचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असलं, की वारसाचा विचार होतो. आईवडील थकले असतील तर हे काम आताच करा.

१७. रिकामा डबा ऑनलाइन विकता येईल का? लोक चांगले पैसे देतात.

विकू नये. डबा शस्त्र नाही, त्यामुळे विक्री सरळ वाटते. पण खरा क्रमांक असलेला डबा आणि पुस्तिका एखाद्या बेकायदा कट्ट्याला (गावठी पिस्तुलाला) ‘घरंदाज’ दाखवायला वापरता येतात, आणि चौकशी तुमच्या दारात येते. ज्याला तुम्ही रीतसर शस्त्र विकताय, त्यालाच डबा द्या.

१८. पिस्तूल विकलं, डबा माझ्याकडेच राहिला. नंतर त्रास होईल का?

विक्री रीतसर झाली असेल, तर नाही. स्वतःचं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं, तर आधी जिल्हादंडाधिकारी किंवा ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. त्या पत्राची पोच आणि हस्तांतराची नोंद जपा. डबा घेणाऱ्याला देऊन टाका. तो नको म्हणाला, तर लेबल कापून पोचेला जोडा आणि बाकीचं प्रश्न ७ प्रमाणे कचरागाडीत द्या. आणि हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा, नाहीतर उद्या प्रश्न १६ ते विचारतील.